उताराचं पाणी

पाणलोट हा शब्द आमच्याकडं सरकारी योजनेबरोबर आला. त्याआधी आम्ही त्याला नुसता उतार म्हणत होतो. कुठल्या रानाचं पाणी कुठल्या ओढ्याला लागतं, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. बांध कुठं फुटणार ते त्यावरच ठरतं, आणि भावाभावातली निम्मी भांडणंही. पण अख्खी नदी म्हणजे एकच मोठा उतार आहे आणि आपण त्याच्या तळाला बसलोय, हे मला कळलं ते आक्काच्या लग्नामुळं.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या शेवटच्या टप्प्यात. थोडं पुढं गेलं की नरसोबाच्या वाडीला ती कृष्णेला मिळते आणि तिचं नाव संपतं. आक्का दिली गगनबावड्याकडं, कुंभीच्या काठी. त्या काळी खालच्या काळ्या रानातली पोरगी वर डोंगरात द्यायची म्हणजे लोक नावं ठेवायचे. "तिथं काय खायाचं तिनं, नाचणी?" म्हणून आजी चार दिवस रुसून बसली होती. पण पाव्हणा मास्तर होता, म्हणून आबांनी होकार दिला.

पहिल्या दिवाळीला तिला आणायला मी गेलो. घराच्या परड्यामागंच झरा. ओंजळीनं पाणी प्यायलो तर दात शिवशिवले. तिच्या सासऱ्यांनी दगडावर बसून हातानं दाखवलं, हे पाणी कुंभीत जातंय. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती, आणि पाचवी सरस्वती, ती गुप्त धरतात. प्रयाग चिखलीला त्यांची पंचगंगा होते. तिथनं वाडीपर्यंत सुमारे ८० किलोमीटर. म्हणजे मी प्यायलेलं पाणी माझ्या मागोमाग माझ्याच गावाला येणार होतं. मला त्या वयात त्याची फार मजा वाटली.

आणि तेव्हा ते येतही होतं. आई नदीवरनंच घागरी आणायची. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची, उन्हाळ्यात वाळूत झिरा काढायचा. थंडीत तर गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की पायाची बोटं दिसायची.

आता वाटेत काय काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. कोल्हापुरात जयंती आणि दुधाळी नाला, इचलकरंजीत काळा ओढा. ओढ्याचं नावच काळा पडलं, आणखी काय सांगायचं? कापड रंगवायच्या प्रोसेसचं पाणी, गावागावांची गटारं, आणि गळीत हंगामात मळी. मळी विषारी म्हणून मासे मरतात असं लोक म्हणतात. खरा प्रकार थोडा वेगळा आहे. मळी सडते, आणि सडताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. मासा गुदमरतो. आधी वर येऊन तोंड उघडं टाकतो, मग उताणा होतो.

त्यात आमचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. पाऊस संपला की बरगे घालून पाणी अडवायचं, पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढायचे. पाण्याची सोय म्हणून याच्यासारखी चांगली गोष्ट नाही, आमचा ऊस त्यावरच उभा आहे. पण वाहतं पाणी थोडी घाण पचवतं, साठलेलं पचवत नाही. वरचा बंधारा सोडला की सगळं काळं पाणी एकदम खाली येतं. तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच किती वेळा पडला, त्याची मोजदाद राहिली नाही. माणसं पोती घेऊन येतात, मासे भरून नेतात आणि बाजारात विकतातही. मग साहेब येतात, बाटल्या भरतात, पंचनामा होतो. तोवर पाणी पुढं गेलेलं असतं.

माझ्याबरोबर दहावीला बसलेला एक भोयाचा पोरगा होता. मरळ कुठल्या डोहात, वांब कुठल्या कपारीत, सगळं त्याला तोंडपाठ. केंदाळ माजून नदीचं कुरण झालं तेव्हा त्याची नाव महिनाभर काठाला अडकली. केंदाळाला गटाराचं पाणी म्हणजे खतच. त्यानं नाव विकली आणि एका गोदामावर राखणदार म्हणून लागला.

शेतकरी यात धुतल्या तांदळासारखा नाही. उसाला बेसुमार खत आणि पाणी देऊन आमच्या तालुक्यातल्या किती जमिनी क्षारपड झाल्या. आता जमिनीखाली पाइप घालून निचरा काढतात. पांढऱ्या पडलेल्या रानात पुन्हा ऊस आलेला मी बघितलाय, काम चांगलंच आहे. पण ते खारं पाणी ओढ्यालाच लागतं, आणि ओढा नदीला. आमच्या खालीही गावं आहेत.

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली. पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळलं की होते ती कावीळ. हजारो माणसं आजारी पडली, काही दगावली. माझी धाकटी लेक तिथं दिलेली, तिला सातवा महिना होता. गरोदर बाईला ही कावीळ फार जड जाते, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. एकवीस दिवस दवाखान्यात होती. लेक वाचली. मूल गेलं.

त्या वर्षी भाऊबीजेला आक्का आली ती पाण्याचे दोन कॅन घेऊन. पाच-पाच लिटरचे, झऱ्यावर भरलेले. एसटीतनं, दोन गाड्या बदलून, साठीला टेकलेली बाई. मी म्हटलं, "आक्का, हे कशाला गं? आम्ही फिल्टरचं पितोय की."

"तुला न्हाई आणलं. पोरीला आणलंय," ती म्हणाली. लेक आतल्या खोलीत होती. आक्कानं तिला तांब्या भरून दिला आणि बाहेर माझ्याजवळ येऊन बसली. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या दारातनं चांगलं धाडतोय रं आम्ही. वाटंत कोण काय करतंय त्याला?"

मी काय उत्तर देणार? शहराला नदी उशाला असून वारणेचं, दूधगंगेचं पाणी पाहिजे, आणि तिकडची गावं द्यायला तयार नाहीत. मला दोघांचंही पटतं. माझी लेक त्याच शहरात पाणी भरते.

आमच्या ग्रामपंचायतीनं आता शुद्ध पाण्याचं मशीन बसवलंय. पाच रुपयांत कॅन मिळतो. गावची गटार मात्र अजून सरळ नदीलाच आहे. ती शोषखड्ड्यात आणि मग बांबूच्या वाफ्यात सोडावी म्हणून मी ग्रामसभेत अर्ज दिला. जागा लागते अडीच-तीन गुंठे. नदीकडच्या माझ्या तुकड्यातनं देतो म्हणून लिहून दिलंय. थोरला मुलगा नाराज आहे, तिथं उसाचा उतारा चांगला पडतो. सरपंचबाई म्हणाल्या, इस्टिमेट करून पुढच्या सभेला विषय घेऊ. सभा पंधरा ऑगस्टला आहे.