नवोदयबद्दल मी आता बोलते

पाचवीच्या पालकसभेत जवाहर नवोदय या सरकारी निवासी विद्यालयाचा विषय काढायचा नाही, हे मी बरीच वर्षं ठरवून पाळलं. आता त्याच सभेत तो विषय मी सगळ्यांत आधी काढते. माझं मत का बदललं ते लिहून ठेवावंसं वाटलं, कारण माझ्यासारखे गप्प राहणारे शिक्षक आजही आहेत आणि त्यांचं गप्प राहणं आळसातून येत नाही. त्यामागे विचार असतो. माझ्याही होता.

माझी शाळा जिल्हा परिषदेची, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली. दसरा झाला की गावातली बरीच घरं कुलूपबंद होतात. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि हंगाम संपून पट्टा पडल्यावरच परततात. काही मुलं आजीआजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधाराने गावात राहतात, काही टोळीबरोबर जातात. अशा वर्गात चटकन शिकणारं एखादं मूल असणं ही साऱ्या वर्गाची मिळकत असते. शिक्षकाने समजावलेला अपूर्णांक डोक्यावरून गेला, तर शेजारी बसलेली मैत्रीण तो भाकरीचे तुकडे मोडून, घरच्या बोलीत सांगते आणि तो समजतो. असं मूल निवडून दूरच्या निवासी शाळेत न्यायचं, म्हणजे आधीच अडचणीत असलेल्या शाळेतून तिचं बळ काढून घ्यायचं, असं मला वाटायचं.

या वाटण्याला वाचनाचा आधार होता. 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शेजारशाळेचा विचार मांडला: एका परिसरातली सगळी मुलं, श्रीमंताची आणि गरिबाची, एकाच शाळेत शिकावीत. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूरकडचे. डी.एड.ला असताना हा विचार वाचला आणि मनापासून पटला. पुढे 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून नवोदय विद्यालयं उभी राहिली. अगदी पहिल्या दोन विद्यालयांपैकी एक आपल्या अमरावतीतलं, दुसरं हरियाणातल्या झज्जरचं. मोजक्या मुलांवर एवढा खर्च करावा का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. 1990 मध्ये आचार्य राममूर्ती समितीने धोरणाचा फेरविचार करताना या योजनेबद्दल गंभीर शंका मांडल्या होत्या. म्हणजे माझी भूमिका एकटीची नव्हती आणि तिचा मोठा भाग मला आजही मान्य आहे.

तरी मी बदलले. त्याची कारणं तीन.

पहिलं कारण तालुक्याच्या गावात दिसलं. नवोदयच्या प्रवेशपरीक्षेच्या केंद्रावर मुलांना सोडायला आलेल्या पालकांत शिक्षक होते, ग्रामसेवक होते, दुकानदार होते, बऱ्यापैकी बागायत असलेले शेतकरी होते. पुस्तकांच्या दुकानात नवोदयची मार्गदर्शकं मांडलेली होती, क्लासच्या पाट्या लागलेल्या होत्या. ज्यांना माहिती मिळवता येते त्यांना ती मिळालेलीच होती. माझ्या गप्प राहण्याने एकाही सधन घरातलं मूल थांबलं नव्हतं. थांबली होती ती फक्त कोयत्यावर जाणाऱ्यांची मुलं, कारण त्यांच्या घरी बाहेरची माहिती पोचवणारं माणूस शाळेशिवाय दुसरं कुणी नाही.

दुसरं कारण एका आईने विचारलेला साधा प्रश्न. नवोदयबद्दल तिने कुणाकडून तरी ऐकलं होतं. मी तिला गावातल्या शाळेचं महत्त्व सांगत होते. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, तुमचं लेकरू कोन्त्या शाळेत हाय?" माझा मुलगा तेव्हा तालुक्याला इंग्रजी माध्यमात शिकत होता. तो निर्णय मी आणि माझ्या नवऱ्याने चार शाळांची माहिती काढून, घरच्यांशी बोलून घेतला होता. तिच्या प्रश्नात टोमणा नव्हता, तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. आम्ही निवड केली कारण आमच्यापुढे पर्याय होते. तोच अधिकार तिचाही आहे. शेजारशाळेचं तत्त्व सगळ्या समाजाने मिळून पाळायचं असतं. ते फक्त ऊसतोड्याच्या मुलीने सांभाळावं, अशी अपेक्षा मी ठेवू शकत नाही.

तिसरं कारण खुद्द त्या आईच्या मुलीचं. तिचं चौथीचं गणित दिवाळीआधीच संपलेलं असायचं. मग ती लहान मुलांच्या पाट्या तपासायची, मला मदत करायची. तिच्या हुशारीचा उपयोग सगळ्यांना होत होता, पण तिला स्वतःला अडेल, विचार करायला लावेल असं काही तिच्या वाट्याला येत नव्हतं. मंद गतीने शिकणाऱ्या मुलाला वेगळं लक्ष लागतं हे आम्ही शिक्षक सहज मान्य करतो. वेगाने शिकणाऱ्यालाही ते लागतं. ती त्याची चैन नसते, गरजच असते.

आता मी सभा दसऱ्याच्या बरीच आधी घेते, टोळ्या निघण्यापूर्वी, आणि सगळ्या पालकांना बोलावते. कोण हुशार हे आधी ठरवून ठरावीक घरांनाच निरोप पाठवत नाही. सांगते ते सगळं सरळ सांगते. शिक्षण, राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं यांचा खर्च सरकार करतं. नववीपासून काही मुलांकडून विद्यालय विकास निधी घेतात, पण मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या मुलांना तो माफ आहे. किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी, एक तृतीयांश मुलींसाठी. परीक्षा मराठीतून देता येते. दोन तासांत 80 प्रश्न: निम्मे आकृत्यांवरचे बुद्धिमत्तेचे, उरलेले गणित आणि भाषेचे. ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. आणि ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण शाळेत पूर्ण झालेली लागतात.

या शेवटच्या वाक्यावर सभा शांत होते. हंगामात मूल सोबत नेलं तर त्याचं वर्ष शाळेत पूर्ण होत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला न सांगता कळतं. म्हणून हे मी पाचवीत सांगून थांबत नाही. तिसरीच्या पालकांनाही सांगते.

अवघड गोष्टीही लपवत नाही. दहा-अकरा वर्षांचं लेकरू घरापासून लांब राहणार आहे, पहिले महिने रडणार आहे. नववीत काही मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयमध्ये पाठवतात. एखादी आजी म्हणते, "पोरगी हाय बाई, जीव लागत न्हाई." तिला मी खोडून काढत नाही. ज्यांना पाठवायचं नसेल त्यांचं कारणही तितकंच खरं असतं. आणि निवड न झालेल्या मुलाच्या घरी मी आवर्जून जाते. जिल्ह्यातून जास्तीत जास्त 80 मुलं घेतात, अर्ज हजारोंनी असतात. दोन तासांच्या कागदावर आकृत्या जुळवणं दिसतं. पाण्याची मोटार खोलून बसवणारा, रात्रीच्या भजनात पेटीवर सूर धरणारा मुलगा त्यात दिसत नाही. हे आईवडिलांच्या तोंडावर, मुलासमोर सांगावं लागतं.

वर्गाचं काय होतं? नुकसान होतं, हे मी आजही म्हणते. चांगलं शिकणारी मुलगी गेली की तिच्या बाकावरच्या दोघी काही दिवस मागे पडतात. पण तो भार आता माझा आहे, दहा वर्षांच्या मुलीचा नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रतिभावान मुलांना त्यांच्याच शाळेत अधिकचं काम द्यावं, विषयांची मंडळं चालवावीत असं म्हटलं आहे. त्या विचाराने आम्ही शनिवारी गणिताचं मंडळ सुरू केलं. त्यात निवड नाही, येईल त्याने बसायचं. मागे राहणारी मुलं तिथे येतात आणि कधी कधी पुढेही जातात.

शेजारशाळा चांगली असावी, हे माझं स्वप्न बदललेलं नाही. जोवर ती तशी होत नाही, तोवर गावातल्या कुठल्याही आईला तिच्या मुलासमोरचे सगळे रस्ते ठाऊक असले पाहिजेत. त्यातला कुठला धरायचा ते ती आणि तिचं लेकरू ठरवतील. मागणी मात्र एक आहे: हंगामी वसतिगृहं टोळ्या निघण्याआधी सुरू व्हावीत. ती उशिरा सुरू झाली, तर मूल फडावर गेलेलं असतं, त्याचं वर्ष तुटतं आणि मी सभेत सांगितलेला अधिकार कागदावरच राहतो.