भरतीचे गणित

कर्वेनगरातील आमच्या घरातून समुद्र दिसत नाही; तरी वसईला निघण्यापूर्वी आम्ही दिनदर्शिकेत तिथी पाहतो. आमची आजी म्हणे, "तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते." अष्टमीला साधारण ६, अमावास्येला ११.१५. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती सौम्य असते. अमावास्येला सूर्य-चंद्र एका रेषेत येऊन उधाण येते.

हे ठाऊक असूनही, अष्टमीला शांत पाहिलेल्या भुईगावच्या किनाऱ्यावर आम्ही अमावास्येच्या भरदुपारी मुलाला पाण्यात उतरू दिले. परतणाऱ्या लाटेने त्याच्या पायांखालची वाळूच ओढून नेली. एका कोळीबांधवाने दंडाला धरून त्याला बाहेर काढले. किनारा तोच होता; आम्हीच तिथी विसरलो होतो. आता निघण्याआधी पाऊणपटीचा हिशोब मुलगाच करतो.