अडीच मिनिटं दारात

गेल्या फेब्रुवारीतल्या डर्बीच्या रविवारची ती अडीच मिनिटं अजून माझ्या मनातून जात नाहीत.

आम्ही कोल्हापुरात रेसकोर्स नाक्याजवळ राहतो. मैदान कधीच गेलं, नाव तेवढं नाक्याला चिकटून राहिलं. आमच्या इमारतीतल्या पोरांना तर तो बसस्टॉपच वाटतो. आबांना मात्र ते नाव ऐकलं की बरं वाटतं. माझे वडील, वय ८२. करवीर तालुक्यातलं गाव सोडून सतराव्या वर्षी पुण्याच्या रेसकोर्सवर मोतद्दार म्हणून लागले. पावसाळ्यात पुणं, हिवाळा-उन्हाळ्यात मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स, अशी घोड्यांबरोबर त्यांची ३६ वर्षं गेली. इंडियन डर्बीची शर्यत पहिल्यांदा झाली १९४३ साली आणि आबांचा जन्मही त्याच सालचा. महालक्ष्मीला आता त्यांना नेणं होत नाही, म्हणून म्हटलं, डर्बी घरी आणू.

चौदा माणसं बोलावली. भाच्यानं मोबाईल टीव्हीला जोडून दिला. भडंग, कांदाभजी, चहा. पोरांना गंमत वाटावी म्हणून घोड्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या करून तांब्यात टाकल्या. प्रत्येकानं एक उचलायची, ज्याचा घोडा पहिला त्याला एक किलो गुळाचा रवा. कुणाकडून रुपयासुद्धा घेतला नव्हता.

कुणी असा बेत करणार असेल तर एक सांगते, नुसती शर्यत लावू नका. त्याआधी घोडे गोल फिरवून दाखवतात, ते बघा. आबा तेच बघत होते. माणसं जॉकीच्या रंगीत कपड्यांवर बोलत होती आणि हे कान, घाम, मागच्या पायाची टाच बघत होते. "हा बघ, पाठ सैल सोडून चाललाय. ह्याच्या पोटात भीती नाही." कपाळावर चांदणी असलेला एक कुमैत त्यांनी धरला. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं पुढं-मागं सरकत होती. खरारा करतात तशी. त्यांना ते कळतही नव्हतं.

घोडे फाटकात शिरायला लागले आणि दारावरची बेल वाजली.

सोसायटीचे सेक्रेटरी आणि आणखी दोघं. "वैनी, ग्रुपवर तक्रार आलीय. तुमच्याकडं रेस चाललीय म्हणं."

"चाललीय की. टीव्हीवर. या ना आत."

"तसं नव्हं. पैसे लावून. चिठ्ठ्या काढल्या म्हणं."

मी सांगितलं, चिठ्ठीत पैसे नाहीत, गूळ आहे. तांब्या आणून दाखवते म्हटलं. त्यावर दुसरे म्हणाले, गूळ काय आणि पैसा काय, सवय तीच लागते, पोरं आहेत इमारतीत. तिसरे मागच्या मीटिंगमधला पार्किंगचा विषय काढून बसले. आत कुणीतरी ओरडलं, "सुटले!" मी वळले, तर सेक्रेटरी म्हणाले, "एक मिनिट, आमचं ऐकून तर घ्या." मोठ्या माणसांना दारात टाकून आत जायचं कसं? मी उभी राहिले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवलाय, हेही सांगितलं. रेसकोर्सवर तिकीट लावणं कायदेशीर, बाहेर बुकीकडं लावणं गुन्हा, आणि आमच्याकडं दोन्हीतलं काहीच नाही. ते मान हलवत होते, पण ऐकत नव्हते. २४०० मीटरला अडीच मिनिटंच लागतात. आतून एकदम कल्लोळ उठला आणि मग टाळ्या. संपलं होतं.

आत आले तेव्हा आबा उभे होते. काठी खुर्चीला टेकवलेली. गुडघ्याचं दुखणं वाढल्यापासून ते आधाराशिवाय उठलेले नव्हते. शेवटच्या वळणावर कुमैत पुढं आला तेव्हा ते उठले म्हणे, आणि ओरडले. काय ओरडले, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. भाचा म्हणतो, "सोड त्याला, सोड!" आमचे हे म्हणतात, कुठल्यातरी जुन्या घोडीचं नाव घेतलं. आबांना विचारलं तर म्हणतात, "मी कशाला ओरडू?"

शर्यत मी नंतर चार वेळा पाहिली. कुमैत तिसरा आला. शर्यत पुन्हा लावता येते.

तक्रार करणाऱ्यांवर मी महिनाभर जळत होते. विचारायला साधा जिना चढून यायचं होतं, सगळ्या ग्रुपवर कशाला टाकायचं? हे माझं म्हणणं आजही आहे. पण माझ्याच थोरल्या चुलत्यांनी बुकीच्या नादानं पाऊण एकर ऊस गहाण टाकला आणि तो सुटला नाही. आबा रेसकोर्सवर राहून एका पैशाला खेळले नाहीत, आणि गावी बसून भाऊ बुडाला. काकू 'रेस' हा शब्द घरात उच्चारू देत नसे. सेक्रेटरींच्या जागी ती असती, तर तीही दारात येऊन उभी राहिली असती. हे कळतं, आणि राग जात नाही.

गुळाचा रवा जिंकला दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी. त्यांनी तो नेला नाही. "राहू दे, उगाच बोलणं नको." फ्रिजवर राहिला, आणि पावसाळ्यात त्याला पाणी सुटायला लागलं. तेव्हा आबा म्हणाले, रिक्षा बोलाव.

रंकाळ्यावर पोरांना फिरवायला घोडे असतात. आबांनी गूळ फोडून तळहातावर ठेवला आणि तिथल्या घोडीपुढं धरला. तिचं खाऊन होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग माझ्या खांद्याला धरून वाकले, तिचा पुढचा पाय उचलून खूर बघितला आणि मालकाला म्हणाले, "नाल ढिली झालीय. कधी ठोकलीस?" तो पोरगा सांगायला लागला. अर्धा तास ते दोघं बोलत होते, मी पिशवी धरून शेजारी उभी होते.