दडलेला दोष

पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे ॲम्बॅसिडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले. जुन्या गाड्या आणि त्यांची नाडी जाणणारे कारागीर मात्र उरले. कधीमधीच सुरू न होणारी गाडी त्यांची खरी परीक्षा घेते. गॅरेजात ती निमूट सुरू होते आणि मध्यरात्री रुग्णाला नेताना मुकी होते. उतावळा कारागीर बॅटरी बदलतो. जाणता कारागीर दोष प्रकटण्याची वाट पाहतो. मग हेडलाइट लावून किल्ली फिरवतो. दिवे मंदावले, तर संशय बहुधा बॅटरीवर किंवा तिच्या गंजलेल्या जोडांवर. दिवे प्रखर राहून स्टार्टर गप्पच राहिला, तर सोलेनॉइड, स्टार्टर आणि तारांवर. ही सबुरी आवश्यकच. कारण बरा झालेला दोष आणि दडून बसलेला दोष पहिल्या दिवशी सारखेच दिसतात.