आत काही राहिलंय का?

गाडी उचलून न्यायला आलेल्या माणसाने आम्हाला एकच प्रश्न विचारला होता. "आत काही राहिलंय का? बघून घ्या. नंतर मिळायचं नाही."

आम्ही तिघा भावंडांनी एकमेकांकडे पाहिलं. गाडीत पाहण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सीटवर गाळ, पायाशी गाळ, काचांना आतून वाळलेल्या चिखलाचे ओघळ. वास असा की आम्ही नाकाला रुमाल लावूनच उभे होतो. "काही नाही, घेऊन जा," असं म्हणालो आणि किल्ल्या त्याच्या हातावर ठेवल्या. पुढची चाकं उचलली गेली आणि अब्बांची गाडी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली.

ते "काही नाही" आम्हाला फार महागात पडलं.

आम्ही चिपळूणचे. २५ एप्रिल २०२१ रोजी, रमजानच्या दुसऱ्या अशऱ्यात, कोरोनाने अब्बा गेले. ते दिवस सर्वांनीच भोगले आहेत. मय्यतीला मोजकी माणसं, तीही एकमेकांपासून लांब उभी. खांदा द्यायला रांग लागावी असा माणूस, पण नमाजे-जनाजा घाईघाईत उरकावी लागली. आपल्याकडे अशा वेळी घरचा कुणीतरी पुढे होऊन म्हणतो, "मरहूमांकडे कुणाचं काही देणं असेल तर आम्हाला सांगा, आम्ही देऊ, नाहीतर माफ करा." ऐकायला लोकच नव्हते. ते दोन शब्द आमच्या घशातच राहिले.

अब्बांचे हिशेब डोक्यात कमी आणि वहीत जास्त असत. कुणाला दहा रुपये दिले तरी लिहीत. आम्ही हसायचो, तेव्हा ते म्हणायचे, "अरे, कुराण शरीफमधली सगळ्यांत लांब आयत कशावर आहे ठाऊक आहे? उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्यावर!" नमाज-रोज्याबद्दल त्यांनी आमच्या मागे फार लकडा लावला नाही, पण दुसऱ्याचा पैसा या विषयावर ते कडक होते. खिशात मावेल अशी ती वही गाडीच्या पुढच्या कप्प्यात असायची. बाजारात गेलं, व्यवहार झाला की गाडीत बसूनच ते लिहीत, मग किल्ली फिरवीत.

त्यांच्यानंतर गाडी दारात उभी होती. बॅटरी उतरू नये म्हणून आठवड्यातून एकदा आमच्यातला थोरला ती चालू करायचा, दहा मिनिटांनी बंद करायचा. कप्पा मात्र कुणी उघडला नाही. त्यात त्यांचा चष्मा असणार, अर्धी राहिलेली बडीशेपची पुडी असणार, हे माहीत होतं. बघवलं नसतं. आम्ही त्याला दुःख म्हणत होतो. आज वाटतं, त्यात थोडी कुचराईही होती.

२१ जुलैला बकरी ईद झाली. पाऊस दिवसभर कोसळत होता. रात्री गाडी नेहमीच्या उंचवट्यावर लावली. २००५ च्या जुलैत जे पाणी आलं होतं ते या उंचवट्याच्या खालीच थांबलं होतं, आणि चिपळुणात तेव्हा प्रत्येकाची फूटपट्टी २००५ चीच होती. २२ तारखेच्या पहाटे वाशिष्ठीने ती फूटपट्टी मोडून टाकली. आम्ही जागे झालो तेव्हा पाणी उंबऱ्याशी होतं. अम्मी इद्दतीत होती. अब्बांच्या घरातून पाऊल बाहेर टाकायचं नाही म्हणून बसलेली. तिला धरून वरच्या मजल्यावर नेली. जिन्यात ती दोनदा थांबली आणि मागे वळून पाहत राहिली. माळ्यावरच्या खिडकीतून आम्हाला गाडीचं टप दिसत होतं. मग तेही दिसेना.

पाणी उतरल्यावर विम्याचं प्रकरण सुरू झालं. पॉलिसी अब्बांच्याच नावावर होती. विमाधारक वारला तर मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने, किंवा मुदत त्याआधी संपत असेल तर तोवर, पॉलिसी वारसांसाठी चालू राहते. आमचे तीन महिने भरायला तीन दिवस उरले होते! सर्व्हेअर आला, त्याने डॅशबोर्डवरची पाण्याची रेघ दाखवली. दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी 'टोटल लॉस' धरतात. आमची त्याच्या कितीतरी पुढे गेली होती. सांगाडा आपण ठेवून घेतला तर त्याची किंमत भरपाईतून वजा होते, त्यांना दिला तर तो भंगारवाल्याला विकला जातो. आम्ही दिला. अम्मीने घरी बसून कागदांवर सह्या केल्या. गाडीतल्या सामानाचा साध्या पॉलिसीत विमा नसतो, हे त्या कागदांत होतंच. आम्ही ते वाचलं आणि पान उलटलं. सामान होतंच कुठे?

सप्टेंबरच्या सुरुवातीला, अम्मीची इद्दत संपल्यावर चारच दिवसांनी, पैसे जमा झाले. घर चिखलातून वर काढायचं होतं, तिघांचेही हात रिकामे होते. आम्ही हिश्शांची भाषा काढली. अम्मीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हिस्से मागाहून. आधी कर्ज, मग वसियत, मग वारसा. तुमच्या अब्बांची वही काढा."

"कुठली वही?"

"गाडीतली. तुम्ही काढलीत ना?"

कुणीच बोललं नाही. तिला वाटलं होतं आम्ही काढली. आम्हाला वही आठवलीच नव्हती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "त्या माणसाने विचारलं होतं ना रे तुम्हाला?"

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. सर्व्हेअरने वर्कशॉपचा नंबर दिला, वर्कशॉपने गाडी घेणाऱ्याचा. तो म्हणाला, "गाडी आता आमची. पण तुमची वस्तू असेल तर तुमचीच. मात्र लवकर या, गाड्या कटिंगला चालल्यात." आम्ही तिघंही निघालो. धाकट्या बहिणीला नको म्हटलं, तर म्हणाली, "अब्बांचं अक्षर तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं." कशेडी घाट उतरलो तरी गाडीत कुणी बोलत नव्हतं.

तळोज्याच्या बाजूला ते आवार होतं. पत्र्याचं फाटक, आत गाड्यांच्या रांगा, काचांवर रंगाने लिहिलेले आकडे. अर्ध्याअधिक गाड्या आमच्याच पाण्यातल्या. चिखलाचा रंग आम्ही ओळखला. एका आरशाला तसबीह लटकत होती, शेजारच्या गाडीच्या डॅशबोर्डवर गणपती होता, दोघांवर गाळ सारखाच चढला होता. एकीत लहान मुलाचा एकच बूट. या सगळ्यांनीही "काही नाही" म्हटलं असेल का?

मुनशी तरुण होता. आधी कंटाळला. रोज कुणीतरी यायचं, कुणी स्टेपनी मागायचं, कुणी टेप. "वही?" तो म्हणाला, "वहीसाठी चिपळुणातून आलात?" आम्ही त्याला खरं ते सांगितलं, की वडील गेलेत आणि त्यांचं देणं कुणाकुणाचं आहे ते त्यात लिहिलंय. त्याने हातातला मोबाइल खिशात टाकला. एक गोणी आणून समोर ओतली. गाड्यांतून निघालेले कागद, फोटो, चाव्या तो त्यात टाकून ठेवायचा. "कागद मी फेकत नाही, साहेब. कुणाचा काय असेल सांगता येत नाही." गोणीत आमचं काही नव्हतं. मग तो स्वतः पान्हा आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन रांगांमधून चालू लागला.

आमची गाडी शेवटून तिसरी होती. इंजिन काढलेलं, दरवाजे होते. कप्प्याचं झाकण गाळाने घट्ट धरलं होतं. त्याने पाते घालून ते उचकटलं. आत मातीचा एक गोळा होता. त्यातून चष्म्याचं घर निघालं, पीयूसीचा कागद निघाला, आणि औषधांच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळलेली वही निघाली. पिशवीतही पाणी शिरलंच होतं. धाकटीने वही ओढणीच्या पदरात घेतली. मुनशीला पैसे देऊ लागलो तर त्याने हात मागे घेतला. "देण्याची वही शोधायला आलात, आणि माझं नवीन देणं करून ठेवता?" तो हसला, आम्हालाही त्या दिवसात पहिल्यांदा हसू आलं.

घरी वही सावलीत, पंख्याखाली, रद्दीचे कागद घालून वाळवली. बॉलपेनची शाई फारशी पसरली नव्हती, पण पानं एकमेकांना चिकटून लगदा झाली होती. सुटतील तेवढी सोडवली. निम्मीच वाचता आली. अब्बांनी दिलेले पैसे काही ठिकाणी, घेतलेले काही ठिकाणी. एका पानावर "पत्रे, बाकी" एवढं स्पष्ट होतं, पुढचा आकडा चिखलात गेला होता.

७ ऑक्टोबरला राज्यातली प्रार्थनास्थळं पुन्हा उघडली. दुसऱ्याच दिवशी जुमा होता. इमामसाहेबांना विनंती केली आणि नमाजनंतर थोरल्याने उभं राहून एप्रिलमध्ये राहून गेलेले ते दोन शब्द बोलून टाकले. वही भिजली आहे, निम्मी वाचता येत नाही, हेही सांगितलं. एका नातलगाने बाहेर आल्यावर आम्हाला वेड्यात काढलं. "वाचता येत नाही हे कशाला सांगायचं? आता ज्याला यायचं तो येईल मागायला!"

त्या महिन्यात पाच जण आले. त्यातले चार पैसे द्यायला आले होते. दोघांची नावं वहीच्या त्या गेलेल्या पानांत असावीत, कारण आम्हाला ती कुठेच दिसली नव्हती. ते आले नसते तर आम्हाला कधी कळलंही नसतं. एकाचं घर तर पुरात बसलं होतं. आम्ही घेईना, तो ऐकेना. शेवटी अम्मीने त्यातले थोडे ठेवून घेतले आणि बाकीचे त्याच्या मुलांसाठी परत पाठवले.

पाचवे बाजारातले पत्र्याचे दुकानदार. ते मशिदीतले नव्हेत, त्यांच्या कानावर गेलं होतं. ते मागायला आले नव्हते, सांगायला आले होते. "माझीही खातेवही पुरात गेली. बाकी होती एवढं आठवतं. किती, ते तुम्हीच बघा." दोन्ही वह्या गेलेल्या! मग आम्ही शिडी लावून माळ्यावरचे पत्रे मोजले, त्यांनी त्या वेळचा भाव सांगितला, अब्बांनी आगाऊ दिलेली रक्कम अम्मीला आठवत होती. हिशेब निघाला. पैसे मोजून घेताना त्यांनी दोन नोटा आमच्या हातात परत ठेवल्या. "तुमचे वडील असते तर एवढे कमी केल्याशिवाय उठले नसते."

उरलेल्या पैशांचे हिस्से मग झाले. त्यात घर उभं राहिलं नाही, पण झोप लागू लागली.

यालाही आता काही वर्षं उलटली. आमच्या ओळखीत कुणाची गाडी मोडीत निघाली की आम्ही न विचारता सांगतो: किल्ली देण्याआधी पुढचा कप्पा, सीटखाली, डिकीतल्या चटईखाली, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालून बघा. घाण असली तरी बघा. आणि गेलेल्या माणसाची वस्तू बघवत नाही म्हणून बंद ठेवू नका. तीत दुसऱ्याचंही काही असू शकतं.

वही अम्मीच्या कपाटात आहे. चिकटलेली पानं तशीच आहेत. ती टाकू देत नाही, आणि आमचीही टाकायची हिंमत नाही. म्हणून हे लिहिलं. वाचणाऱ्यांपैकी कुणाचं आमच्या अब्बांकडे काही राहिलं असेल, तर संकोच न करता अंकाच्या पत्त्यावर कळवावं. वहीत नाव सापडलं नाही तरी आम्ही देऊ. नाहीतर माफ करावं.