पाटी बदलली, बाक तेच

ऑस्ट्रावा हे चेक प्रजासत्ताकातलं कोळशाचं, पोलादाचं शहर. तिथल्या एका स्वयंपाकघरात रोमा आजींनी पेला माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, ‘पानी.’ दुभाष्याची गरजच पडली नाही. माझा चेहरा बघून त्यांना चेव आला. नाकाला बोट लावून ‘नाख’, कानाला लावून ‘कान’. मग बोटं मोजली: येक, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव. सातव्या बोटाला मात्र ‘एफ्ता’. सात, आठ, नऊ ग्रीकांकडून घेतलेले आणि दहाला पुन्हा आपलं ‘देश’. हजारेक वर्षांपूर्वी भारतातून निघालेली माणसं वाटेत कुठे रेंगाळली, ते असं बोटांवर मोजता येतं.

याच शहरात रोमा मुलांना मतिमंदांच्या ‘विशेष शाळे’त घालण्याचं प्रमाण इतर मुलांच्या सत्तावीस पट होतं. चाचण्या चेक घरांतल्या मुलांवर बेतलेल्या. आणि आईबापांची संमती? ती होती की! आधीच भरून ठेवलेला फॉर्म, खाली सही. दुसरी कुठली शाळा मिळू शकते, तिथे काय वेगळं शिकवतात, याबद्दल त्या कागदावर अवाक्षर नाही.

अठरा मुलांच्या वतीने हे प्रकरण २००० साली स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलं. २००६ मध्ये ती हरली. १३ नोव्हेंबर २००७ रोजी मोठ्या पीठाने तेरा विरुद्ध चार मतांनी निकाल फिरवला. भेदभाव न होण्याचा हक्क आईबापांच्या सहीने सोडून देता येत नाही, असं न्यायालयाने बजावलं. समावेशनाच्या धोरणांवर मी इतकी वर्षं ढीगभर अहवाल वाचले. या एका वाक्याइतकं कामाचं त्यांत फार थोडं सापडलं.

अहवालांना तोटा नव्हताच. २००५ मध्ये ‘रोमा समावेशनाचं दशक’ सुरू झालं. शिक्षण, रोजगार, आरोग्य, घरं. प्रत्येक देशाचा कृती आराखडा. पाठीशी जागतिक बँक. आराखडा पाळला नाही तर शिक्षा काय, तर काहीच नाही. दशक २०१५ ला संपलं. युरोपीय संघाने २०११ मध्ये स्वतःची चौकट आखली, २०२० मध्ये २०३० पर्यंतची दुसरी. चेक सरकारने तर खटला चालू असतानाच कायदा बदलून ‘विशेष शाळा’ हे नाव काढून टाकलं होतं. पुढे त्यांतल्या बऱ्याच ‘व्यावहारिक शाळा’ झाल्या. मुलं तीच.

आपण हसू नये. १८७१ च्या कायद्याने आपल्याकडच्या ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, त्यांना १९५२ मध्ये आपण ‘विमुक्त’ म्हटलं; चोरी झाली की पोलीस आजही आधी पारध्यांच्या पालावर जातात. म्हणून हल्ली कुठलंही धोरण हाती आलं की मी उद्दिष्टांचं पान उलटतो आणि एवढंच शोधतो: मूल कुठल्या वर्गात, कुणाशेजारी बसणार, आणि बसवलं नाही तर कुणाला जाब द्यावा लागणार. बहुतेक वेळा ते पान नसतंच.

त्या अठरा जणांना प्रत्येकी चार हजार युरो भरपाई मिळाली. तोवर त्यांतल्या सर्वांत धाकट्याचंही वय सोळाच्या घरात गेलं होतं.