ठाण्याचा आलेख आणि स्लायडर
ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या 1991 मध्ये सुमारे 52 लाख होती. 2011 मध्ये ती 1 कोटी 10 लाखांवर गेली. आर या प्रोग्रामिंग भाषेत काढलेला स्थिर आलेख ही वाढ दाखवतो. पण या वाढीत कल्याण-डोंबिवली शहराचा वाटा किती, हे वाचकाला त्या आलेखाला विचारता येत नाही. 2012 मध्ये आलेल्या आरच्या शायनी पॅकेजने ती मोलाची सोय दिली. वर्षासाठी स्लायडर, शहरासाठी निवडयादी: निवड बदलताच तिच्यावर अवलंबून असलेला भागच पुन्हा मोजला जातो आणि आलेख नव्याने उमटतो. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला. त्यामुळे जुनी हद्द की नवी, हे निवडणारा चेकबॉक्सही हवाच. नाहीतर तुलना वाचकाची दिशाभूल करते.